एका दिवसाचा बोटमन

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष आणि पोर्ट केंडल बोटमेन या आपल्या बेसबॉल क्लबचे मालक, सन्माननीय रसेल हॅलोरनसाहेब. शहराच्या महापौर, माननीय कॉरिनबाई ॲशबी. व्यासपीठावर दाटीवाटीने विराजमान झालेले क्लबचे पदाधिकारी. ज्यांच्या सन्मानार्थ आज इतक्या कोंबड्यांनी देह ठेवला ते सत्कारमूर्ती डेरिक व्हेनस्ट्रा. त्यांच्या डाव्या हाताला बसलेले त्यांचे एजंट, ज्यांचं नाव निमंत्रणपत्रिकेत सत्कारमूर्तींच्याही वर छापलंय. मागे स्वयंपाकघराच्या दाराशी ज्यांची टेबलं मांडली आहेत ते आपले आजचे खेळाडू. आणि डाव्या कुंपणाशी बसणाऱ्या चाहता मंडळातल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. क्लबच्या कचेरीतून आलेल्या मुलीने मला दोनदा बजावलं, "मिस्टर सोबोटका, फक्त पाच, आणि गोड बोला." मी तिला म्हटलं, बाई गं, गोड बोलण्यावरच माझं घर चालतं.

व्यासपीठावरच्या पाहुण्यांसाठी सांगतो. मी लिओ सोबोटका. चाहता मंडळाचा अध्यक्ष, आणि धंद्याने अंत्यविधी करणारा. मेन स्ट्रीटवर 'सोबोटका आणि मुलगे' अशी पाटी आहे. मुलगा एकच झाला, तो मी. या हॉलमधल्या निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी माझ्या हातून गेलंय. उरलेल्या निम्म्यांना मी घाई करत नाही.

आमच्या धंद्यात एक नियम असतो. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं. तो घरात कसा वागला, कुणाला बुडवून गेला, हे सगळं बाहेर अंगणात. आत फक्त फुलं. डेरिक, अकरा वर्षांपूर्वी तू गेलास. तेव्हा आज मी तुझ्याबद्दल चांगलंच बोलणार आहे, घाबरू नकोस. एजंटसाहेब, तुम्हीही पाणी प्या.

तर आज सकाळी डेरिकने आपल्या क्लबबरोबर करार केला. किती दिवसांचा? एका दिवसाचा. आपल्या खेळातली ही फार सुंदर रीत आहे. माणूस जिथून निघाला तिथे म्हातारपणी परत येतो, कागदावर सही करतो, एकही चेंडू न खेळता निवृत्त होतो, आणि मग सगळ्यांनी म्हणायचं, "बघा, शेवटी आमचाच!" माझी बर्निस आत्या अशीच. तीन लग्नं केली, दोन नवऱ्यांच्या पैशावर फ्लोरिडात राहिली, आणि जाताना सांगून गेली, मला पहिल्याच्या शेजारी पुरा. आम्ही पुरली. पहिल्याला कुणी विचारलं नाही. तो नाही म्हणण्याच्या स्थितीत नव्हता.

आपणही नाही म्हणण्याच्या स्थितीत नाही. तिकिटं विकली गेली आहेत.

पण उगाच खोटं कशाला बोलू? हा डेरिक एकेकाळी आमचा जीव होता. काडीसारखा पोरगा आला होता आयोवातल्या शेतातून. पहिल्या मोसमात मारलेला चेंडू कुंपणापर्यंत जाताना वाटेत विश्रांती घ्यायचा. पण पळायचा काय, हसायचा काय! माझी बायको डोरा त्याला दर रविवारी पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, पाठवायची. सात वर्षं पाठवली. "या पोराच्या अंगाला काही लागत नाही," म्हणायची.

आणि मग एका हिवाळ्यात एकदम लागलं.

मंडळी, माझ्या धंद्यात माणूस समोर आला की नजरेनेच माप घेतलं जातं. वाईट सवय आहे, पण सुटत नाही. आता इथे उभा राहून मी व्यासपीठाचं माप घेतलेलं आहे, त्याबद्दल क्षमस्व. ऑक्टोबरमध्ये डेरिक गावी गेला तेव्हा तो आमच्या नेहमीच्या पेटीत आरामात मावला असता. मार्चमध्ये परत आला तेव्हा मोठ्या मापाची खास मागवावी लागली असती. मान कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो, ते कळेना. टोपीसुद्धा मोठी मागवली. पंचविशीनंतर माणसाचं डोकं दोनच गोष्टींनी वाढतं. एक म्हणजे कौतुक. दुसरी गोष्ट काय, ते लीगने पुढे जाहीर केलंच.

तेव्हा कुणी विचारलं का? हॅलोरनसाहेबांनी विचारलं? साहेब म्हणाले, "पोरगा मेहनत करतोय." वर्तमानपत्रवाल्यांनी विचारलं? त्यांनी लिहिलं, "आयोवाच्या मक्याची ताकद." आपण विचारलं? आपण तर उभं राहून ओरडत होतो. चेंडू उजव्या कुंपणावरून थेट लेक एरीत पडत होते, आणि तळ्यात होड्या घेऊन लोक ते झेलायला बसत होते. अशा वेळी कोण शहाणा म्हणणार, जरा थांबा, या पोराच्या मानेकडे बघा? झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ आपण सगळ्यांनी मिळून झाकली होती.

मग करार संपला, आणि पूर्वेकडून ते मोठं शहर आलं. नाव घेत नाही, जेवायच्या आधी. त्या शहराची एक पद्धत आहे. आपण वर्षानुवर्षं टोमॅटो लावायचे, पाणी घालायचं, किडे वेचायचे, आणि लाल झाले रे झाले की ते टोपली घेऊन हजर. त्यांनी डेरिकला जेवढे पैसे देऊ केले, तेवढ्यात आपल्या अख्ख्या संघाला, बस ड्रायव्हरला आणि वर शहराच्या पाणीखात्याला नऊ वर्षं पोसता आलं असतं.

त्यावर हॅलोरनसाहेबांनी काय केलं? साहेब फार कष्टातून वर आलेले. गॅरेजची दारं विकून विकून त्यांनी हे साम्राज्य उभं केलं. दर हिवाळ्यात ते वर्तमानपत्रांना बोलावून गहिवरून सांगतात, "आपलं मार्केट लहान आहे हो, आपल्याला परवडत नाही." ऐकून आमच्या डोराच्या डोळ्यांत पाणी येतं. एका वर्षी तर तिने त्यांच्यासाठीही पिरोगी पाठवली. नेणारा परत घेऊन आला, कारण साहेब आपल्या तिसऱ्या होडीच्या जलावतरणाला गेले होते. तर साहेबांनी डेरिकला थांबवण्यासाठी फळांची टोपली पाठवली. हसू नका. त्यात अननस होता.

डेरिक गेला. टीव्हीवर म्हणाला, "माझ्या कुटुंबाचा विचार करावा लागतो." तेव्हा त्याचं लग्न व्हायचं होतं. पण माणसाने दूरदृष्टी ठेवावी.

त्या संध्याकाळी आपण काय केलं, आठवतं? इथेच खाली, पार्किंगमध्ये, तेलाच्या पिंपात डेरिकच्या बावीस नंबरच्या जर्सी जाळल्या. महापौरबाई, तेव्हा तुम्ही वकिली करत होता आणि तुमची जर्सी ओली होती म्हणून पेटेना, मी लायटर दिला होता. आज खाली दुकानात तीच जर्सी विकायला आहे, दुप्पट किमतीला. वर 'आपला वारसा' असं छापलंय. कॉरिनबाई, तुम्ही आज घातलेली नवी दिसते. छान दिसते. जरा मेणबत्तीपासून लांब बसा.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण सॅलड आलंय. मोठ्या शहरात चौथ्या वर्षी डेरिकच्या चाचणीत स्टेरॉइड सापडलं. ऐंशी सामन्यांची बंदी. डेरिकने खुलासा केला की, कुत्र्याच्या पायाला लावायचं मलम चुकून त्याच्या अंगाला लागलं. मी कुत्र्यांच्या बाजूने एवढंच म्हणेन की त्या घरातला कुत्रा काही होमरन मारत नव्हता. मग ते शहर त्याला कंटाळलं, मग दुसरं शहर, मग तिसरं. आणि आता डेरिक शाळाशाळांतून भाषणं देतो. विषय असतो, 'शॉर्टकट नको.' करून करून भागला आणि देवपूजेला लागला, म्हणतात ते हेच. नाही, नाही, टाळ्या वाजवा. माणूस सुधारला तर टाळ्या वाजवाव्यात.

इथवर सगळं चांगलंच बोललो ना? मग आता दुसऱ्या एका माणसाबद्दल दोन शब्द. तो गेलेला नाही, त्यामुळे माझ्या धंद्याचा नियम त्याला लागू नाही. मागे, स्वयंपाकघराच्या दारापासून तिसऱ्या टेबलावर वॉल्ट पेट्रास बसलाय. वॉल्ट, मान खाली घालू नकोस. बटाटा पळून जाणार नाही.

वॉल्ट आपला राखीव कॅचर. म्हणजे पहिल्या कॅचरचं बोट मोडलं की हा फलंदाजाच्या मागे उकिडवा बसतो आणि ताशी दीडशे किलोमीटरने येणारे चेंडू अंगावर घेतो. त्याच्या फलंदाजीबद्दल मी बोलत नाही. ती जिवंत आहे की नाही हे छातीवर हात ठेवून सांगणं माझ्याही अनुभवाबाहेरचं आहे.

डेरिक गेला त्याच्या पुढच्या वसंतात वॉल्ट आला. तेव्हा बावीस नंबरची जर्सी खेळाडूंच्या खोलीत खिळ्याला टांगलेली होती आणि कुणी तिच्याकडे बघायला तयार नव्हतं. एका नव्या पोराला दिली, तर तो म्हणाला, मी त्यापेक्षा घरी जातो. कपडे सांभाळणारा म्हातारा वॉल्टला म्हणाला, "तुझ्या मापाची दुसरी उरली नाही रे." वॉल्ट म्हणाला, "आण इकडे. उघडं खेळण्यापेक्षा बरी."

पहिल्या सामन्यात तो बाहेर आला, पाठीवर बावीस, आणि आपण अठरा हजार लोकांनी हुर्यो उडवली. माझी डोरा, जी भुंकणाऱ्या कुत्र्यालाही "अहो" म्हणते, तीसुद्धा. वॉल्टने टोपी काढून नमस्कार केला. नंतर मी त्याला विचारलं, "लागलं का रे मनाला?"

"नाही हो मिस्टर सोबोटका. ते जर्सीला ओरडत होते. जर्सीला कान नसतात."

दोन वर्षं हे चाललं. रोज. त्याने नंबर बदलून मागितला नाही. मग एप्रिलमधला तो सामना, तळ्यावरून बर्फ आडवा येत होता, नऊ डावांचा खेळ लांबत लांबत पंधराव्या डावापर्यंत गेला. प्रेक्षकांत उरलो आम्ही शे-दीडशे अर्धवट. वॉल्ट पूर्ण वेळ त्या थंडीत उकिडवा. संपलं, तेव्हा त्याला उठता येईना. गुडघे तसेच आखडलेले. दोघांनी बगलेत हात घालून उचलला आणि तशाच बसल्या आकारात बाहेर नेला, जणू खुर्चीवर बसलाय आणि खुर्ची तेवढी कुणी काढून घेतलीय. वॉल्टने त्या अवस्थेत आमच्याकडे बघून राणीसारखा हात हलवला. आधी आम्ही हसलो. मग टाळ्या वाजल्या, आणि त्या थांबेनात. त्या दिवसापासून बावीस नंबरला हुर्यो बंद झाली. क्लबने काही केलं नव्हतं. या माणसाने ती जर्सी अंगावर घालून घालून स्वच्छ केली.

त्याला मोह झाले नाहीत असं समजू नका. एका ट्रेनरने त्याला सांगितलं होतं, "हे व्हिटॅमिन घे, गुडघे नव्यासारखे होतील." वॉल्ट म्हणाला, "माझी सासू औषधाच्या दुकानात आहे. तिला वासावरून कळतं." ग्लॅडिस, उभ्या राहू नका, सगळ्यांना कळलं. आणि त्या मोठ्या शहरानेही त्याला बोलावलं होतं, त्यांचे दोन कॅचर एकदम जायबंदी झाले तेव्हा. इथल्या तिप्पट पैसे. तो जाऊन बघून आला आणि नाही म्हणाला. मी विचारलं, "निष्ठा वगैरे का रे?"

"छे हो! तिथे गाडी लावायला जागाच नाही."

मला हे उत्तर फार आवडलं. ज्याला खरंच राहायचं असतं तो त्याचं भाषण करत नाही.

आता या वसंतात क्लबने ठरवलं की डेरिकला बोलावायचं, एका दिवसाचा करार करायचा, आणि बावीस नंबर कायमचा निवृत्त करून कुंपणावर चढवायचा. म्हणजे यापुढे तो नंबर कुणीही घालायचा नाही. वरच्या मजल्यावर कचेरीत नऊ हुशार माणसं बसतात. त्यांनी तिकिटं छापली. मान हलवणाऱ्या डेरिकच्या वीस हजार बाहुल्या मागवल्या. बाहुलीची मान बारीक आहे, तेवढा कलात्मक मोकळेपणा आपण समजून घेऊ. बिअरच्या पेल्यांवर छापलं, 'बावीस, सदैव आपला'. सगळं झालं. फक्त एक गोष्ट नऊच्या नऊ जणांच्या लक्षात आली नाही. खालच्या मजल्यावर एक माणूस रोज तो नंबर घालून खेळत होता.

नाही, हॅलोरनसाहेब, बसा. तुमचंही चांगलंच बोलतोय.

हे लक्षात कुणाच्या आलं? वॉल्टच्याच. एका सकाळी तो गाडी लावून येतो तर समोर भिंतीवर तीन मजली चित्र. पाठमोरा खेळाडू, पाठीवर बावीस. खालचा भाग अजून चिकटवायचा होता. वॉल्टने बायकोला फोन केला. म्हणाला, "जोनी, हे लोक वेडे झालेत बहुतेक. माझं चित्र लावलंय." जोनी बिचारी हातातलं काम टाकून, केस नीट करून, कॅमेरा घेऊन आली. ती येईपर्यंत खालचा कागद लागला होता. त्यावर नाव होतं.

जोनीने तरीही फोटो काढला. चित्राचा नाही, त्याच्यासमोर उभ्या असलेल्या वॉल्टचा. ती मला म्हणाली, "काय करणार? केस नीट केले होते ना."

मग वरून बोलावणं आलं. नऊपैकी एकाने त्याला समजावलं, "वॉल्ट, नंबर म्हणजे शेवटी एक संकल्पना आहे."

"असेल. पण ती माझ्या पाठीवर आहे."

"तुला अठ्ठावन्न चालेल का?"

"चालेल."

दुसरं काय म्हणणार? पस्तिशीतल्या राखीव कॅचरचा करार वर्षावर्षाचा असतो. आयत्या बिळात नागोबा शिरला तर उंदराने भाडेपावती दाखवायची नसते.

काल संध्याकाळी वॉल्ट शेवटचा बावीस घालून खेळला. आणि आज सकाळची गोष्ट तर मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीय. खाली दाराशी मी मंडळाचं काचेचं कपाट पुसत उभा होतो. वॉल्ट आला. हातात कालची जर्सी, धुतलेली, घडी घातलेली. ती डेरिकच्या हातात स्वतः द्यायची, असं त्याच्या मनात होतं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तेवढ्यात डेरिक आला, मागेपुढे कॅमेरे. वॉल्टने जर्सी पुढे केली.

डेरिकने खिशातून पेन काढलं.

"नाव काय दोस्ता?"

"वॉल्ट."

आणि डेरिकने त्या जर्सीच्या पाठीवर, नंबरच्या खाली, ठळक लिहिलं: 'वॉल्टीला, स्वप्नं बघत राहा. डेरिक व्हेनस्ट्रा.' जर्सी परत त्याच्या हातात दिली, खांद्यावर थाप मारली, म्हणाला, "आल्याबद्दल आभार हं," आणि गेला.

वॉल्ट म्हणाला, "थँक्यू."

डेरिक, तू मागे बघतोयस. हो, तोच. जो आता रुमालाने तोंड पुसत नाहीये, झाकतोय, तोच वॉल्ट.

काय म्हणालास? जरा मोठ्याने. "मला माहीत नव्हतं." बाळा, तुला माहीत नव्हतं हे मला माहीत आहे. मघापासून मी दुसरं काय सांगतोय?

वॉल्ट ती जर्सी घेऊन माझ्याकडे आला. मला वाटलं चिडेल. तो म्हणाला, "मिस्टर सोबोटका, हा डाग कशाने जातो हो? तुम्हाला कपड्यांचं कळतं." मी म्हटलं, "ही शाई कशानेही जात नाही." तो म्हणाला, "मग राहू द्या तुमच्याकडे. मला घरी नेववत नाही." एवढं म्हणून तो सरावाला गेला. मंडळी, माझ्या धंद्यात मी लोकांना रडताना रोज बघतो, माझं काही हलत नाही. आज सकाळी मात्र मी त्या कपाटाच्या मागे जाऊन उभा राहिलो. राग आला होता. सरळ सांगतो, राग आला होता, आणि अजून गेलेला नाही.

आता त्या कपाटाचं. ते क्लबचं नाही. ते चाहता मंडळाचं आहे, माझ्या वडिलांनी स्वतःच्या हाताने केलेलं. होय, त्याच लाकडाचं. मंडळाची रीत पहिल्यापासून एकच आहे. जो नंबर निवृत्त होईल, त्या नंबरची मैदानावर शेवटची खेळलेली जर्सी त्यात लागते. नवी नाही, खेळलेली. आतल्या चारही जर्सी बघा. एकीला माती आहे, एकीला तंबाखूचा डाग, एकीच्या बाहीवर रक्त. क्लबने आज आमच्याकडे एक पाठवली आहे. पाठीवर 'व्हेनस्ट्रा' शिवलेलं, प्लास्टिकमधून काढलेली, कॉलरला किमतीची चिठ्ठी अजून तशीच. फार सुंदर आहे. ती मी हॅलोरनसाहेबांना परत करतो. साहेब, दुकानात ठेवा, विकली जाईल. मार्केट लहान असलं तरी.

हे बघा. ही कालची जर्सी. वर शिवलेलं नाव, 'पेट्रास'. मध्ये बावीस. खाली सही. हीच कपाटात लागणार. किल्ली माझ्या खिशात आहे.

डेरिक, उभा राहिलास? काही द्यायचंय का? पेन? ते ठेव तुझ्याकडेच. आता काही खोडू नकोस, सही तशीच राहू दे. तुझा सन्मान आहे आज, आम्ही तुझं नाव काढून टाकणार नाही. आम्ही एवढे कोते नाही.

फक्त शाईचं मला थोडं कळतं. पुष्पचक्रांच्या फितींवर आयुष्यभर मी याच पेनांनी नावं लिहीत आलोय. धुतल्याने ती जात नाहीत. पण काचेमागे, दक्षिणेचं ऊन लागत राहिलं, तर काही उन्हाळ्यांनी फिकी होतात, मग पिवळी, मग नुसता फितीवर कुणीतरी हात टेकवल्यासारखा डाग. दोऱ्याने शिवलेली अक्षरं तशीच राहतात.

कपाटाचं तोंड दक्षिणेला आहे. कचेरीने मला तीनदा सांगितलंय, सावलीत हलवा. मी ते हलवणार नाही.

आणि संध्याकाळी कुंपणावरचा पडदा निघेल तेव्हा वर नुसता बावीस दिसेल. आपल्या भिंतीवर नावं लिहायची रीत नाही, हे बरंच आहे. ज्याला जो दिसायचा तो दिसेल. त्यानंतर सामना सुरू होईल. पहिल्या कॅचरचं बोट आज दुखतंय असं ऐकतो. कुणी अठ्ठावन्न नंबर घालून बाहेर आला, तर नव्या नंबराला आपण काय करतो हे आपल्याला माहीत आहे. या वेळी दोन वर्षं लावू नका. लगेच उभे राहा.

वॉल्ट, आता तो बटाटा खा. गार झाला.

असो. पाच मिनिटं केव्हाच संपली. ती मुलगी दारातून मला हातवारे करतेय, आणि मला वाटतं ती रडतेय, पण ते कांद्यामुळेही असेल. मला बोलायची संधी दिल्याबद्दल हॅलोरनसाहेबांचे आभार. मला वाटतं यापुढे ते ती देणार नाहीत. महापौरबाईंचे आभार. इतक्या लांबून एका दिवसासाठी आमचा झाल्याबद्दल डेरिकचे आभार. वॉल्टचे आभार मानत नाही. आमच्या धंद्यात राहिलेल्या माणसांबद्दल बोलायची पद्धतच नाही, त्यामुळे मला त्यासाठी शब्द येत नाहीत.

बोलण्याच्या भरात कुणाला काही लागलं असेल तर म्हाताऱ्याला मोठ्या मनाने माफ करा. आणि ज्याला आज माफ करणं जमणार नाही, त्याने मनाला लावून घेऊ नये. आज ना उद्या त्याची माझ्याशी गाठ पडणारच आहे, आणि तेव्हा, शब्द देतो, मी फक्त चांगलंच बोलेन.